चार अक्षरांचं नाव, जे कुणी उच्चारत नाही

तुळजापूरच्या महाद्वारापाशी उभं राहिलं की कानावर सगळ्यात आधी काय पडतं? देवीचं नाव! 'आई राजा उदो उदो'चा गजर, संबळाचा ठेका, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधी बायकांची गाणी. पायऱ्या उतरणारा नाव घेतो, कल्लोळ तीर्थावर हातपाय धुणारा नाव घेतो, गाभाऱ्यासमोरच्या रांगेत उभं असलेलं कडेवरचं पोरही नाव घेतं. आणि नावं तरी किती! तुळजाभवानी, तुकाई, जगदंबा, अंबाबाई, रामवरदायिनी. हाक जितकी मोठी, तितकं बरं.

'तुळजा' या नावाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती तप करत होती, कुकुर नावाचा दैत्य तिला छळायला आला, आणि तिच्या हाकेला देवी त्वरित धावून आली. म्हणून ती त्वरिता. त्वरिताची झाली तुरजा आणि तुरजाची तुळजा, असं सांगतात. 'त्व' म्हणायला जरा जड, म्हणून 'तु' झाला. 'र' सरकत सरकत 'ळ' झाला. शेकडो वर्षं हजारो तोंडांतून फिरताना नावाचा आवाज असा बदलत जातो.

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगते. जगात देवाचं एक नाव असं आहे की ते हिब्रू बायबल या पवित्र ग्रंथात सुमारे ६,८०० वेळा लिहिलेलं आहे, पण ते मोठ्यानं वाचायचं नाही असा नियम आहे. नियम इतका जुना आणि इतका काटेकोर पाळलेला, की त्या नावाचा खरा उच्चार कसा होता हेच आज कुणाला खात्रीनं सांगता येत नाही. अक्षरं आहेत, आवाज हरवला आहे! आणि ही गोष्ट कुठल्या तरी दूरच्या देशाचीच आहे असं समजू नका. हे नाव जपणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात, आपल्यासारखीच मराठी बोलत राहत आली आहेत.

ही माणसं म्हणजे बेने इस्राएल. धर्मानं ज्यू, भाषेनं मराठी. त्यांची परंपरा सांगते की फार फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरलं ती जागा नवगावला आजही दाखवतात. वाचलेली माणसं कोकणातल्या गावागावांत पसरली, घाण्यावर तेल गाळू लागली. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद! ज्यू लोकांचा शनिवार म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शब्बाथ. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. आडनावंही गावांवरूनच पडली. केहिममध्ये राहणारे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर.

त्यांच्या सणांची जुनी मराठी नावं तर मला फार आवडतात. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आणि एक दरफाळणीचा सण, म्हणजे दारं बंद करून घरात राहायचं, उपास करायचा. हिब्रूत या दिवसाला 'योम किप्पूर' म्हणतात. हा सण लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

गलबत नक्की कधी आलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण समुद्रापलीकडच्या जगाशी आपला संबंध किती जुना आहे, हे बघायला धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना लांब जायला नको. तेरला जा. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात तगरचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, असं तो लिहितो. इथलं कापड गाड्यांतून बंदराकडे जायचं आणि तिथून जहाजांनी रोमन साम्राज्यात. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळातल्या वस्तू तुम्ही बघू शकता. आणि त्याच पहिल्या शतकात, त्याच रोमन साम्राज्यातल्या जेरुसलेम नावाच्या शहरात ज्यूंचं मोठं मंदिर उभं होतं. ते न घेण्याचं नाव तिथे उच्चारलं जात होतं. आणि वर्षातला एक दिवस त्यासाठी खास होता!

तो दिवस म्हणजे योम किप्पूर, आपल्या कोकणातला दरफाळणीचा सण. त्या दिवशी मुख्य पुजारी प्रार्थनेत ते नाव मोठ्यानं घ्यायचा. परंपरा सांगते, दिवसभरात दहा वेळा. नाव कानावर पडताच अंगणातली सगळी माणसं जमिनीवर पालथी पडून नमस्कार करायची. मंदिराबाहेर, बाकी सगळ्यांनी, त्याच्या जागी दुसरा शब्द वापरायचा. मग इसवी सन ७० साली रोमन सैन्यानं ते मंदिर पाडलं. मंदिर नाही, म्हणजे मुख्य पुजाऱ्याचा तो विधीही नाही. नाव ऐकण्याची ती एकमेव जागा नाहीशी झाली.

पण का घ्यायचं नाही नाव? तुमच्या पणजीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आठवतंय? नाव ठाऊक नव्हतं म्हणून नाही. मान म्हणून. घ्यायचंच झालं तर उखाण्यात, खास दिवशी, सगळ्यांसमोर. इथेही भावना मानाचीच आहे, फक्त कितीतरी मोठी. देवाचं नाव उगाच, सहज, भांडताना किंवा शपथा वाहताना तोंडात येऊ नये, म्हणून त्याच्याभोवती कुंपण घातलं. आणि कुंपण पुढे पुढे उंच होत गेलं.

ते नाव हिब्रू भाषेत चार अक्षरांचं आहे. उजवीकडून डावीकडे वाचायचं, कारण हिब्रू तशी लिहितात. पहिलं अक्षर योद, म्हणजे आपला य. दुसरं हे, म्हणजे ह. तिसरं वाव, म्हणजे व. चौथं पुन्हा हे. य, ह, व, ह. बस, एवढंच!

एक छोटा प्रयोग करू. नाव म्हणून नाही, अक्षरं सुटी सुटी म्हणायची. तोंडासमोर तळहात धरा. आधी 'प' म्हणा. ओठ मिटले, मग उघडले. 'त' म्हणा. जीभ दातांना टेकली. 'क' म्हणा. जिभेची मागची बाजू वर जाऊन चिकटली. आता 'य' म्हणा. जीभ वर गेली, पण कुठेही चिकटली नाही. 'ह' म्हणा. तळहातावर नुसता श्वास! आता ओठ गोल करून 'व' म्हणा, प्राचीन हिब्रूत तो तसाच म्हणत. ओठ जवळ आले पण मिटले नाहीत. म्हणजे या चारही अक्षरांत श्वास कुठेच पूर्ण अडत नाही. आपल्या व्याकरणात य आणि व यांना अर्धस्वर म्हणतात आणि ह ला महाप्राण. 'महाप्राण' या शब्दातच 'प्राण' म्हणजे श्वास आहे.

मग अडचण कुठे आहे? चार अक्षरं दिसतात, तर वाचून टाकायची! अडचण अशी की जुन्या हिब्रूत व्यंजनंच लिहायचे. बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं. आपल्यासारखे काना, मात्रा, वेलांटी, उकार नाहीतच. कसं वाचत असतील? हे वाचा:

तळजपर

तुळजापूर! लगेच आलं ना? 'धरशव' म्हणजे धाराशिव, 'अलबग' म्हणजे अलिबाग. पण आता नुसतं 'कळ' वाचा. काळ? केळी? कोळी? कळी? कुळ? काळे? कशावरून ठरवणार? 'बजरतन कळ अणल' असं लिहिलं तर मात्र तुम्ही म्हणाल, 'बाजारातून केळी आणली'. शेजारच्या शब्दांनी सांगितलं. हिब्रू वाचणारेही असंच वाचत, आणि ज्यांना भाषा येते त्यांना काही अडत नसे. नावं मात्र शेजारच्या शब्दांवरून कळत नाहीत. नाव ऐकलेलंच असावं लागतं. 'तळजपर' तुम्हाला वाचता आलं ते तुळजापूर तुम्ही आधी हजार वेळा ऐकलंय म्हणून. शंभर वर्षं कुणी 'तुळजापूर' हा शब्द उच्चारलाच नाही, तर नंतरच्या मुलांना काय वाचता येईल? तळजापर? तिळजोपुरी?

त्या चार अक्षरांचं नेमकं हेच झालं.

हे नाव किती जुनं आहे, याचे दगडावरचे आणि चांदीवरचे पुरावे आहेत. आजच्या जॉर्डनमध्ये १८६८ साली एक काळा दगड सापडला. मेशा नावाच्या राजानं इसवी सनापूर्वी ८४०च्या आसपास तो कोरवला होता. त्यावर ती चार अक्षरं आहेत. पुढच्याच वर्षी झालेल्या भांडणात त्या दगडाचे तुकडे तुकडे झाले, पण त्याआधी कुणीतरी ओला कागद दाबून त्याचा ठसा घेऊन ठेवला होता, म्हणून तो पुन्हा जुळवता आला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

दुसरा पुरावा एका शाळकरी मुलामुळे सापडला! १९७९ साली गाब्रिएल बारकाय हे पुरातत्त्वज्ञ जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम इथे खडकात खोदलेल्या जुन्या कबरी तपासत होते. मदतीला शाळेतली मुलं होती. त्यातल्या एकाला कंटाळा आला आणि त्यानं हातोडीनं जमिनीवर ठोकायला सुरुवात केली. खालचा थर फुटला आणि आत, चोरांच्या हाती न लागलेला, दागिन्यांनी आणि मडक्यांनी भरलेला कप्पा निघाला! त्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक सुरळ्या होत्या. गळ्यात घालायचे ताईत. त्यातली धाकटी सुरळी उलगडल्यावर जेमतेम चार सेंटिमीटर लांब. पत्रा इतका पातळ आणि ठिसूळ, की न मोडता उलगडायला काही वर्षं लागली. आत केसाएवढ्या रेषांनी आशीर्वादाचे शब्द कोरलेले, आणि त्यात ती चार अक्षरं. सुमारे २,६०० वर्षांपूर्वी कुणीतरी ते नाव छातीशी बाळगून फिरत होतं.

मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत १९४७ पासून जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यातल्या काही लेखकांनी सगळा मजकूर त्यांच्या काळच्या अक्षरांत लिहिला, पण हे एक नाव आलं की तेवढंच जुन्या, कधीच मागे पडलेल्या वळणाच्या अक्षरांत. वाचणारा आपोआप थबकावा म्हणून! काही ठिकाणी तर अक्षरांऐवजी नुसते चार ठिपके आहेत.

आता अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, किंवा मुंबईच्या मांडवी भागातल्या 'शआर हारहामीम'मध्ये चला. मुंबईतलं हे सर्वांत जुनं सिनेगॉग. सामुएल यहेज्केल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलं. त्यांना सामाजी हसाजी दिवेकर असंही म्हणत. जवळच्या रेल्वे स्टेशनाचं 'मस्जिद' हे नाव या सिनेगॉगवरूनच पडलं असं सांगतात. आत चामड्यावर हातानं लिहिलेली तोरा या पवित्र पुस्तकाची गुंडाळी असते. तिच्यात आजही काना-मात्रा नाहीत, नुसती व्यंजनं. वाचणारा चांदीच्या काडीनं ओळ दाखवत वाचत जातो. य-ह-व-ह ही अक्षरं आली की तो एक क्षणही न अडखळता म्हणतो, 'अदोनाय'. म्हणजे 'माझे प्रभू'. डोळे एक शब्द बघतात, तोंड दुसरा म्हणतं. लहानपणापासून सवय असते. आणि प्रार्थना संपवून बाहेर गप्पा मारताना 'अदोनाय'ही नाही. तिथे 'हाशेम'. त्याचा सरळ अर्थ आहे 'ते नाव'!

बेने इस्राएलांची एक गोष्ट सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू शिक्षक कोकणात आला. या शनवार तेल्यांना पाहून त्याला शंका आली, ही माणसं ज्यू तर नव्हेत? त्यानं बायकांना वेगवेगळे मासे दिले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला ठेवले, कारण ज्यूंना तेच चालतात. त्याची खात्री पटली. पुस्तकं समुद्रात गेली होती, हिब्रू विसरली होती, पण एक प्रार्थना त्यांना येत होती: शेमा. 'शेमा' म्हणजे 'ऐक'. जन्म असो, लग्न असो, ते शेमा म्हणत. त्या प्रार्थनेची पहिली ओळ हिब्रूत सहा शब्दांची आहे आणि त्या सहांपैकी दोन शब्द म्हणजे ही चार अक्षरं. वाचताना दोन्ही ठिकाणी 'अदोनाय'.

हे नाव जिथे लिहिलंय तो कागदही जपायचा असतो. तोरा लिहिणारा लेखनिक नाव लिहिण्याआधी मन एकाग्र करून तसं तोंडानं म्हणतो, आणि लिहिलेलं नाव खोडत नाही. जुनी फाटकी पानं कचऱ्यात टाकत नाहीत. एका खोलीत साठवतात, मग जमिनीत पुरतात. त्या साठवणीला 'गेनिझा' म्हणतात. इजिप्तमध्ये कैरोच्या एका सिनेगॉगमधल्या गेनिझात शेकडो वर्षांचे सुमारे तीन लाख कागद निघाले. त्यात पत्रं, हिशेब, मुलांच्या सरावाची पानंसुद्धा! बाराव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरकडे राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रंही तिथेच सापडली. हिंदी महासागरातल्या व्यापाराचा केवढा तरी इतिहास आपल्याला कळला, तो एका नावाच्या आदरापोटी जपलेल्या रद्दीतून.

आता कळलं ना, या लेखात ती चार हिब्रू अक्षरं का छापली नाहीत? मासिकाचं पान उद्या भेळेच्या पुड्याला जाऊ शकतं. आपल्या देवीचं चित्र पायाखाली आलेलं आपल्याला चालत नाही, तसं त्यांनाही ते चालणार नाही.

पण तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, 'आम्ही तर हे नाव ऐकलंय! चर्चमध्ये, मराठी बायबलमध्ये. यहोवा!' बरोबर. आणि हे 'यहोवा' कसं तयार झालं, ही या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गंमत आहे.

सहाव्या ते दहाव्या शतकात गालील सरोवराकाठच्या तिबेरियास गावात काही विद्वान काम करत होते. त्यांना मसोरेत म्हणतात. हिब्रू रोजच्या बोलण्यातून गेली होती आणि काना-मात्रा नसलेलं लिखाण पुढची मुलं चुकीचं वाचतील अशी त्यांना काळजी होती. पण पवित्र मजकुरात एकही अक्षर घालायचं नाही! मग त्यांनी अक्षरांच्या खाली-वर बारीक ठिपके आणि रेघा दिल्या. खाली एक आडवी रेघ म्हणजे अ, वर एक ठिपका म्हणजे ओ, असं. मजकूर तसाच राहिला आणि स्वर दिसू लागले. ते चार अक्षरांपाशी आले. इथे कुठले स्वर द्यायचे? वाचायचं तर 'अदोनाय'. म्हणून त्यांनी य-ह-व-ह या अक्षरांना 'अदोनाय'चे स्वर दिले. ती वाचणाऱ्याला केलेली खूण होती: इथे 'अदोनाय' म्हण.

पुढे युरोपातल्या ख्रिस्ती अभ्यासकांनी हे पाहिलं. काहींना खूण कळली नाही, त्यांनी दिसलं तसं वाचलं. व्यंजनं य-ह-व-ह आणि स्वर अ-ओ-आ. जोडून बघा. य, हो, वा, ह. यहोवा! एका शब्दाचं अंग आणि दुसऱ्या शब्दाचा आवाज. तेराव्या शतकातल्या लिखाणात हे रूप दिसतं, सोळाव्या शतकापासून सगळीकडे पसरलं, आणि मिशनऱ्यांबरोबर मराठीतही आलं. कितीतरी माणसांनी त्या नावानं मनापासून प्रार्थना केली आहे, आजही करतात, म्हणून त्याला नुसती चूक म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. फक्त बायबलमधल्या मोशे किंवा दावीद राजाच्या काळात कुणी असा उच्चार करत नव्हतं, एवढं नक्की.

मग त्या काळात काय म्हणत असतील? आता खरा शोध! आवाज तर कुठे साठवलेला नाही. पण काही पाऊलखुणा आहेत.

पहिली खूण माणसांच्या नावांत. आपण रामदास, विठ्ठल, भवानी अशी देवाची नावं मुलांना देतो. हिब्रू लोकही देवाच्या नावाचा तुकडा मुलांच्या नावात घालत. शेवटी असेल तर 'याहू' किंवा 'या', सुरुवातीला असेल तर 'यहो' किंवा 'यो'. ही नावं तर रोज हाका मारायला वापरत, त्यामुळे त्यांचा आवाज टिकला. इतकंच नाही, शेजारच्या अश्शूर देशातले लोक मातीच्या विटांवर खिळ्यांसारख्या खुणांची लिपी लिहीत, आणि तिच्या चिन्हांत स्वरही असत! सन्हेरीब राजानं इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये जेरुसलेमवर स्वारी केली. तिथल्या हिज्कीयाहू राजाचं नाव त्यानं भाजलेल्या मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभावर लिहून ठेवलं, साधारण 'हझाकियाऊ' असं. त्यांच्या लिपीत हिब्रूतल्या या 'ह'साठी चिन्ह नव्हतं, म्हणून 'याहू'चं 'याऊ' झालं. पण 'या' मिळाला! म्हणजे नावाची सुरुवात 'या' अशी.

दुसरी खूण ग्रीक लेखकांकडून. सुरुवातीच्या शतकांतल्या काही ख्रिस्ती विद्वानांनी हे नाव ग्रीक अक्षरांत लिहिलं. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट 'याउए' असं काहीतरी लिहितो. पाचव्या शतकातला थिओडोरेट सांगतो की ज्यूंच्या शेजारचे शोमरोनी लोक 'याबे' म्हणतात. हे वेगळे उच्चार दिसतात, पण नीट बघा. ग्रीकमध्ये शब्दाच्या मध्ये 'ह' लिहायची सोय नव्हती आणि 'व'साठी वेगळं अक्षर नव्हतं. एकानं 'व'साठी 'उ' वापरला, दुसऱ्यानं 'ब'चं अक्षर, ज्याचा उच्चार तोवर 'व'कडे झुकला होता. हरवलेला 'ह' परत घाला आणि 'व' सरळ करा. दोन्हींतून एकच रूप निघतं: याहवे.

बहुतेक अभ्यासक आज हेच रूप मानतात. तरी तो अंदाजच, पुराव्यांवर उभा असलेला चांगला अंदाज. आणि ज्यू घरात गेलात तर हे रूप तिथे म्हणू नका बरं का. तिथे 'अदोनाय'सुद्धा प्रार्थनेपुरतंच. बोलताना 'हाशेम' म्हणा, आजोबा खूश होतील.

अर्थ काय या नावाचा? बायबलमध्ये गोष्ट आहे. मोशे मेंढरं राखत होता. त्याला एक झुडूप दिसलं, पेटलेलं, पण जळून न जाणारं. त्यातून देव बोलला. मोशेनं विचारलं, लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? उत्तर मिळालं ते 'असणं' या क्रियापदातलं. मी आहे, किंवा मी असेन. प्राचीन हिब्रूत एकच रूप दोन्हीकडे चालतं, म्हणून भाषांतर करणारे आजही अडतात. त्या क्रियापदातली अक्षरं आणि नावातली अक्षरं एकाच कुळातली. म्हणून अनेकजण नावाचा अर्थ 'जो आहे तो' असा करतात. काही म्हणतात, नाही, हे प्रयोजक रूप आहे. बसणे-बसवणे, करणे-करवणे, तसं. म्हणजे 'जो असायला लावतो', सगळं अस्तित्वात आणणारा. आपल्याकडे 'असणे'चं प्रयोजक रूपच नाही, 'असवणे' कुणी म्हणत नाही, त्यामुळे हा अर्थ मराठीत एका शब्दात बसतच नाही. आणखी काहींनी वाहण्याच्या, वाऱ्याच्या अर्थाच्या जुन्या धातूशी नातं जोडलं आहे. आपण वापरतो तो 'हवा' हा अरबी शब्द त्याच बाजूचा. मला स्वतःला 'जो आहे' हाच अर्थ गोष्टीशी जास्त जुळणारा वाटतो.

या प्रश्नांशी मराठीत लिहिणारी माणसंही झुंजली आहेत. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी ज्यू प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी, संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषीनं, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून सोप्या मराठीत उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या तोवर हे काम चाललं होतं. विचार करा, ती चार अक्षरं त्यांच्यासमोर किती वेळा आली असतील!

आता तुम्ही ते नाव शोधा. बेने इस्राएल घरात नवस फेडायचा असला, काही चांगलं घडलं, की 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं. आणि गाणं म्हणतात एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं. अलिबागजवळ खंडाळे गावात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. एलि-याहू. 'माझा देव याहू'. चारांपैकी तीन अक्षरं या नावात आहेत! जे नाव घ्यायचं नाही, त्याचा तीन चतुर्थांश भाग मलिद्याच्या ताटाभोवती बसून सगळं घर गात असतं.

जुन्या कोकणात एलियाहू नावाच्या मुलाला घरी 'एलोजी' म्हणत. सामुएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, तसा. रोजच्या हाकेत 'याहू' झिजून गेला आणि त्याच्या जागी आपला 'जी' आला. त्वरिताची तुळजा झाली तसंच हे. तोंडी राहिलेलं नाव जिवंत राहतं पण बदलतं. न उच्चारलेल्या नावाचं एकही अक्षर अडीच हजार वर्षांत हललं नाही, पण आवाज गेला. या दोन्ही गोष्टी माणसांनी प्रेमानंच केल्या.

आणखी शोधा. 'हालेलुया' म्हणजे 'याहची स्तुती करा'. बातम्यांत येणारे नेतान्याहू, त्यांच्या आडनावाचा अर्थ 'याहूनं दिलेला'. क्रिकेटवाल्यांसाठी एक: हवेत झेप घेणारा जॉन्टी ऱ्होड्स, ज्यानं मुलीचं नाव इंडिया ठेवलं. त्याचं खरं नाव जोनाथन. मूळ हिब्रू यहोनातान, म्हणजे 'याहनं दिलेला', आपला देवदत्तच! योहानान म्हणजे 'याह कृपाळू आहे'. त्याचं ग्रीकमधून झालं योहान, इंग्रजीत जॉन, स्पेनमध्ये हुआन, रशियात इव्हान. येशू हे नावसुद्धा यहोशुआचं छोटं रूप, 'याह सोडवतो'.

शेवटी एक गणित. हिब्रूत अक्षरंच आकड्यांचं काम करतात. योद म्हणजे १०, हे म्हणजे ५, वाव म्हणजे ६. चारही अक्षरांची बेरीज करा, २६ येते. आता १५ लिहायचे असतील तर? ११ म्हणजे १० आणि १, १२ म्हणजे १० आणि २, तसंच १५ म्हणजे १० आणि ५. योद आणि हे. पण थांबा, हे तर 'याह' झालं, नावाचा पहिला अर्धा भाग! हिशेबाच्या वहीत, दुकानाच्या पाटीवर ते कसं लिहायचं? म्हणून ज्यू लोक १५ लिहिताना ९ आणि ६ ची अक्षरं लिहितात. ९ चं अक्षर टेत, ६ चं वाव. दोन्ही मिळून वाचलं की होतं 'तू'. शवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला झाडांचा सण येतो, त्याचं नाव म्हणूनच 'तू बिश्वात'. बेने इस्राएल त्या दिवशी एलियाहू हन्नबीची आठवण करतात आणि मलिदा करतात.

१६ लाही हीच अडचण येते, कारण १० आणि ६ म्हणजे योद आणि वाव, तीही नावातलीच अक्षरं. मग १६ कसे लिहीत असतील? टेत म्हणजे ९ हे तुम्हाला ठाऊक झालंय. ७ च्या अक्षराचं नाव आहे झायिन. वहीत लिहून बघा.